डेलिलीचं बियाणे-किट: बी ठीक, चिठ्ठी भलत्याच हवामानाची

डेलिली या फुलझाडाचं बियाणे-किट ऑनलाइन मागवलं तर खोक्यात साधारण हा माल निघतो: वीसेक काळ्या बियांचं पाकीट, ६५० ग्रॅमची कोकोपीटची वीट, पारदर्शक झाकणाचा बारा कप्प्यांचा ट्रे, मूठभर गांडूळखत, पांढऱ्या पावडरची पुडी आणि दोन्ही बाजूंनी छापलेली चिठ्ठी. किंमत साडेचारशे ते सहाशेच्या घरात. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण याच साच्याची किटं वेगवेगळ्या नावांनी विकली जातात आणि आतला माल उन्नीस-बीस असतो. लातूर, परभणी, जालना किंवा संभाजीनगरात गच्चीवर हे किट लावायचं असेल तर त्यातलं काय जसंच्या तसं वापरायचं, काय दुरुस्त करून घ्यायचं आणि काय बाजूला ठेवायचं, ते इथे सांगितलं आहे.

गुण आधी देऊन टाकतो. बियांना पाचपैकी साडेतीन, कोकोपीटला अडीच, ट्रेला दोन, पुडीला एक, चिठ्ठीला शून्य. चिठ्ठीत चार सूचना ठळक अक्षरांत आहेत: वर्षभर कधीही पेरा, बागेतली माती चालेल, भरपूर ऊन द्या, दिवसातून दोनदा पाणी घाला. मराठवाड्यात या चारही पाळल्या तर वीस बियांतून दोन रोपं जगली तरी नशीब.

बी

डेलिलीची चांगली बी काळी, चकचकीत, गोलसर आणि ज्वारीच्या टपोऱ्या दाण्याएवढी असते. चिमटीत दाबली तर जराही दबत नाही. सुरकुतलेली, तपकिरी झाक आलेली किंवा दाबल्यावर पिचकणारी बी पेरायच्या लायकीची नसते. पाण्यात टाकून ‘बुडाली ती चांगली, तरंगली ती वाईट’ असा निवाडा मात्र करू नका. कवच गुळगुळीत असल्यामुळे चांगली बीही सुरुवातीला वर राहते आणि एक दिवस भिजल्यावर खाली बसते.

अर्धा गुण कापला आहे तो पाकिटावरच्या फोटोसाठी. निळीशार आणि सप्तरंगी डेलिली छापून बिया विकणं हा सरळ सरळ खोटेपणा आहे. पिवळा, नारिंगी, लाल, गुलाबी, जांभळा, जवळजवळ पांढरा हे सगळे रंग डेलिलीत आहेत. खरा निळा नाही. दुसरा अर्धा गुण जातीच्या नावासाठी गेला. काही पाकिटांवर ‘स्टेला डी ओरो’ लिहिलेलं असतं. ती बुटकी पिवळी जात वॉल्टर जॅब्लॉन्स्की यांनी काढली, १९७५ साली तिची नोंद झाली, आणि तेव्हापासून ती मुळांचा झुपका फोडूनच वाढवली जाते. तिच्या बीपासून येईल ते तिचं पोर असेल, ती नव्हे. डेलिलीच्या जाती संकरावर संकर करत निघाल्या आहेत, नोंदलेल्या जाती ऐंशी हजारांच्या वर आहेत. त्यामुळे एकाच शेंगेतल्या दोन बियांची फुलंही सारखी निघत नाहीत. ठरावीक रंगच हवा असेल तर बीच्या वाटेला जाऊ नका, रोपवाटिकेतून फुललेलं रोप बघून घ्या. काय निघतं ते बघायची हौस असेल तर मात्र बीला तोड नाही. म्हणून ज्या पाकिटावर प्रामाणिकपणे ‘मिश्र संकरित’ लिहिलंय आणि बी काढल्याचा महिना दिलाय, ते घ्यावं.

उरलेला अर्धा गुण तारखेसाठी. कोरडी, थंड ठेवलेली बी दोन-तीन वर्षं टिकते. पण उन्हाळ्यात तापलेल्या खोलीत आणि कुरिअरच्या गाडीत तिची उगवणशक्ती झपाट्याने उतरते. एप्रिल-मेमध्ये सवलत दिसली म्हणून मागवू नका. ऑगस्टच्या शेवटी मागवा, आली की लगेच फ्रिजमध्ये टाका.

आणि एक: ‘डेलिलीचे कंद’ म्हणून कांद्यासारखे गोल गड्डे कोणी देत असेल तर ती डेलिली नाही, बहुतेक पावसाळी लिली असते. डेलिलीला कंद नसतो. तिला जाड, मांसल मुळांचा झुपका असतो आणि त्याच्या वर पंख्यासारखी दोन्ही बाजूंना फाकलेली पानं.

चिठ्ठीत नसलेली पायरी: फ्रिज

सगळ्यात महत्त्वाची पायरी चिठ्ठीत नाहीच. डेलिलीच्या काही जाती हिवाळ्यात पानं टाकून झोपी जाणाऱ्या, काही सदाहरित, काही मधल्या. झोपणाऱ्या जातींच्या बीला ओलसर गारवा मिळाल्याशिवाय ती नीट रुजत नाही. सदाहरित वाणाची बी त्याविनाही उगवते, पण मिश्र पाकिटात कोणती बी कोणाची हे कळायला मार्ग नाही, म्हणून सगळ्यांनाच थंडी द्यायची.

आधी बी भिजवायची. एक लिटर स्वच्छ पाण्यात १५ मिली हायड्रोजन पेरॉक्साइड, ३ टक्क्यांचं. इथे बाटली नीट वाचा. आपल्याकडे औषधाच्या दुकानात बहुतेक ‘२० व्हॉल्यूम’ लिहिलेली बाटली मिळते, ती ६ टक्क्यांची असते. तिचं माप निम्मं, म्हणजे सात-आठ मिलीच घ्या. या पाण्यात बिया रात्रभर राहू द्या. बुरशीचे कण मरतात, कवच नरम पडतं.

मग टिश्यू पेपर ओला करून घट्ट पिळायचा, त्यात बिया पसरून घडी घालायची आणि झिपच्या पिशवीत ठेवायची. पिशवीवर तारीख. ही पिशवी फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात तीन ते चार आठवडे. फ्रीझरमध्ये नाही, भिजलेली बी गोठली की आतून फुटते. टिश्यूतून पाणी गळत असेल तर बिया कुजतात, कोरडा पडला तर थंडीचा उपयोग शून्य. आठवड्यातून एकदा उघडून बघा. एखादी बी पांढरी बुरशी धरून मऊ झाली असेल तर काढून टाका, बाकीच्या पुन्हा पेरॉक्साइडच्या पाण्यातून काढून नव्या टिश्यूत ठेवा. एखादीला फ्रिजमध्येच मोड आला तर तिला तिथे थांबवू नका, त्याच दिवशी पेरा.

वेळेचं गणित असं: सप्टेंबरच्या मध्यावर फ्रिजमध्ये, दसरा ते दिवाळीच्या दरम्यान मातीत. उगवणीला २० ते २५ अंश सर्वांत चांगले. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात दुपारी पारा ३२-३३ पर्यंत असतो, तेव्हा घाई नको. फेब्रुवारी-मार्चमध्ये पेरलेली रोपं उगवतात, छान दिसतात, आणि दोन पानांवर असतानाच एप्रिलच्या तोंडी सापडतात. जून-जुलैची पेरणी जमते, पण दमट हवेत रोपं कोलमडण्याचं प्रमाण इतकं वाढतं की नवख्याने त्या वाटेला जाऊ नये.

वीट आणि माती

कोकोपीटच्या विटेला अडीच गुण दिले, कारण वीट न धुता वापरायची सूचना आहे. नारळाच्या काथ्यात मूळचेच क्षार असतात, आणि आपल्या बोअरच्या पाण्यात त्यांची भर पडते. हजाराच्या पुढे टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा) असलेलं बोअर मराठवाड्यात नवलाचं नाही. कोवळ्या डेलिलीच्या पानांची टोकं जळायला एवढं पुरतं.

वीट बादलीत ठेवून चार लिटर कोमट पाणी घाला, अर्ध्या तासात ती फुगून आठ-नऊ लिटर होते. जुन्या सुती कापडात घेऊन पिळा. पहिलं पाणी चहाच्या रंगाचं निघतं. पुन्हा पाणी, पुन्हा पिळणं, असं तीन वेळा. शेवटची खेप साठवलेल्या पावसाच्या पाण्याची किंवा एसीच्या नळीतून ठिबकणाऱ्या पाण्याची. घरच्या आरओचं बाहेर पडणारं पाणी मात्र रोपांना कधीच नको. गाळलेले सगळे क्षार त्यातच असतात. टीडीएस मीटर असेल तर पिळलेलं शेवटचं पाणी तपासा, मूळ पाण्यापेक्षा आकडा फार वर नसावा.

बारा कप्प्यांना लिटरभरसुद्धा मिश्रण लागत नाही, त्यामुळे बरंच कोकोपीट उरतं. ते पुढच्या पिशव्यांसाठी ठेवा.

पेरणीचं मिश्रण मगच्या मापाने: दोन मग धुतलेलं कोकोपीट, एक मग चाळलेलं गांडूळखत, एक मग जाडसर वाळू. वाळू दोन-तीन मिलिमीटरची, बादलीत धुऊन गढूळपणा गेलेली. प्लास्टरची बारीक वाळू किंवा क्रश सँडची पूड नको. ती कोकोपीटच्या फटीत बसते आणि निचरा बंद करते. मिश्रण घमेल्यात घेऊन त्यावर उकळतं पाणी ओता आणि झाकून गार होऊ द्या. किटमधल्या गांडूळखतातून गवताच्या बिया हमखास येतात, त्याने त्या बऱ्याचशा मरतात. पूर्ण गार झाल्यावरच ट्रायकोडर्मा, एक किलो मिश्रणाला पाच ग्रॅम. मोंढ्यातल्या कोणत्याही कृषी सेवा केंद्रात मिळतं. पाकिटावरची मुदत बघून घ्या, ती रोगाच्या बुरशीला दाबणारी जिवंत बुरशी आहे, उन्हात ठेवलेलं पाकीट मेलेलंच असतं. ट्रायकोडर्मा घातल्यावर रासायनिक बुरशीनाशक ओतलं तर दोन्हींचे पैसे वाया.

ओल किती, तर मूठ दाबल्यावर बोटांतून दोन-तीन थेंब यावेत. धार लागली तर जास्त झालं.

आता ‘बागेतली माती चालेल’ या सूचनेबद्दल. चिठ्ठी लिहिणाऱ्याने काळी माती पाहिलेली नसावी. आपली भारी काळी जमीन पाण्याने फुगते आणि वाळली की आक्रसते. ट्रेच्या दोन इंची कप्प्यात हे रोज घडतं: ओली असताना आत हवा नाही, वाळताना मातीचा गोळा कडेपासून सुटतो आणि दोऱ्याएवढी मुळं तुटतात. वर पापुद्रा धरतो तो वेगळाच, कोंबाला तो फोडून वर येता येत नाही. शिवाय सामू (पीएच) पावणेआठ ते साडेआठ आणि चुनखडी भरपूर, त्यामुळे मातीत लोह असूनही रोपाला मिळत नाही. पेरणीच्या ट्रेत काळी माती चमचाभरही नको.

पेरणी आणि ट्रे

ट्रेचे तीन गुण कापले. कप्पे पाच सेंटीमीटर खोल, आणि डेलिलीचं मूळ सरळ खाली जातं. तळाची भोकंही टाचणीच्या टोकाएवढी. तापवलेल्या खिळ्याने ती सहा-सात मिलिमीटरची करून घ्या. त्यापेक्षा दुधाच्या अर्ध्या लिटरच्या पिशव्या बऱ्या. वरून कापा, साबणाने धुवा, खालच्या दोन कोपऱ्यांना आणि मध्ये भोक पाडा. दहा-बारा सेंटीमीटर खोली मिळते आणि रोप तीन महिने हलवावं लागत नाही.

बी एक सेंटीमीटर खोल. पेन्सिलीवर खूण करून भोक पाडा, एक बी टाका, वर मिश्रण भुरभुरवा आणि बोटाने हलकं दाबा. वरवर पेरलेली बी अर्धवट सुकते. दोन सेंटीमीटर खाली गेली तर कोंब वर येईपर्यंत दमतो. पाणी वरून झारीने नको, पिशव्या उथळ ताटात पाण्यात दहा मिनिटं ठेवा, वरचा थर ओलसर दिसला की उचला.

ट्रेचं झाकण उगवण होईपर्यंत उपयोगी आहे, पण सावलीतच. ऑक्टोबरच्या उन्हात झाकलेल्या ट्रेच्या आत पारा चाळिशी ओलांडतो आणि बिया शिजतात. उगवायला उजेड लागत नाही, उत्तरेच्या खिडकीपाशी किंवा जिन्याखाली ठेवलं तरी चालतं. पहिला कोंब दिसला की झाकण कायमचं बाजूला आणि रोपं सकाळच्या तीन-चार तास उन्हाच्या जागी.

बहुतेक बिया एक ते तीन आठवड्यांत उगवतात. आळशी बिया सहा-सात आठवडेही घेतात, म्हणून ‘उगवलं नाही’ म्हणत ट्रे उलटा करू नका. उगवलेलं रोप अगदी गवताच्या पात्यासारखं दिसतं, आणि इथेच लोक तण समजून उपटून टाकतात. ओळखायची खूण: पातं मधोमध उभं दुमडलेलं असतं, बुडाशी काळ्या बीचं कवच बरेच दिवस लोंबत राहतं, आणि दुसरं-तिसरं पान आलं की ती समोरासमोर, एकाच पातळीत पंखा धरतात. तणाच्या गवताची पानं चोहीकडे फुटतात. शंका असेल तर तीन पानांपर्यंत हात लावू नका. बीचं कवच ओढून काढायचा मोह आवरा, त्याबरोबर कोंबही येतो.

रोप मातीलगत बारीक होऊन आडवं पडलं तर ती कोलमड. मातीतली बुरशी हे काम करते आणि तिला आमंत्रण जास्त पाण्याचं असतं. पडलेलं रोप वाचत नाही. ते आसपासच्या चमचाभर मातीसकट काढा, बाकीच्यांचं पाणी दोन दिवस तोडा, हवा खेळती ठेवा. ‘दिवसातून दोनदा पाणी’ या सूचनेने सर्वांत जास्त रोपं अशीच जातात. नोव्हेंबरात दोन-तीन दिवसांतून एकदा पाणी पुरतं. डिसेंबर-जानेवारीत परभणीकडे पारा एक अंकी आकड्यावर येतो तेव्हा वाढ थांबते, त्या वेळी तर आणखी कमी. बारीक काळ्या माश्या ट्रेवर घिरट्या घालायला लागल्या तरी कारण तेच, वरचा थर सतत ओला आहे. त्यांच्या अळ्या कोवळी मुळं खातात. वर अर्धा सेंटीमीटर कोरड्या वाळूचा थर आणि शेजारी एक पिवळा चिकट सापळा, एवढ्याने भागतं.

पुडीतली पांढरी पावडर म्हणजे बहुधा १९:१९:१९, म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विद्राव्य खत. खत वाईट नाही, पण चिठ्ठी लिटरला पाच ग्रॅम सांगते. ते मोठ्या पिकाच्या फवारणीचं माप झालं. तिसरं पान पूर्ण उघडेपर्यंत काहीच देऊ नका, त्यानंतर लिटरला अर्धा ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, आधी माती ओली करून.

मोठी कुंडी आणि वाफा

चार-पाच पानं आणि बोटभर उंची झाली की, म्हणजे जानेवारीच्या सुमारास, रोप सहा बाय आठ इंची नर्सरी पिशवीत. पाऊस सुरू झाल्यावर बारा इंची कुंडीत किंवा वाफ्यात.

किट इथवर पोचवून हात झटकतं, आणि खरं काम इथेच आहे. बारा इंची कुंडीला साधारण पंधरा लिटर मिश्रण लागतं: चार लिटर काळी माती, चार लिटर मुरूम, चार लिटर कुजलेलं शेणखत, तीन लिटर कोकोपीट, वर शंभर ग्रॅम निंबोळी पेंड. काळी माती इथे चालते, कारण ती अन्न धरून ठेवते. पण चौथ्या हिश्श्याच्या फार पुढे नको.

मुरूम कसा निवडायचा ते नीट बघा. खाणीवरचा मुरूम आठ मिलिमीटरच्या जाळीतून चाळा, मग दोन मिलिमीटरच्या, आणि मधला राहील तो घ्या; खालची भुकटी निचरा बुजवते. त्यातले पांढुरके खडे उचलून त्यांवर व्हिनेगरचे दोन थेंब टाका. फसफसून बुडबुडे आले तर ती चुनखडी. तुरळक असेल तर खडे वेचून टाका, मूठभर मुरूमच फसफसत असेल तर दुसऱ्या खाणीचा आणा.

तलावातला गाळ कुंडीत भरायची हौस सध्या वाढली आहे. २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत निघालेला गाळ हलक्या, मुरमाड रानाला सोन्यासारखा आहे. पण तो अतिशय बारीक कणांचा असतो, कुंडीत त्याचा चिखलाचा गोळा होतो. रानात टाका, कुंडीत नको.

वाफा करायचा तर जमिनीत खड्डा खणून चांगली माती भरू नका. भोवतीची काळी माती पाणी सोडत नाही आणि पावसाळ्यात त्या खड्ड्याचं डबकं होतं. वाफा वर उचला, वीस सेंटीमीटर तरी. एक मीटर लांब, एक मीटर रुंद वाफ्याला सुमारे दोनशे लिटर मिश्रण बसतं. बारा लिटरचं घमेलं धरलं तर पाच घमेली काळी माती, पाच मुरूम, चार शेणखत, अडीच कोकोपीट किंवा उसाच्या पाचटाचं कुजलेलं खत, आणि पाव किलो निंबोळी पेंड. खालची जमीन भरण्याआधी टिकावाने फोडून घ्या. काळ्या मातीत दोन घमेली वाळू मिसळून ती ‘भुसभुशीत’ होईल या समजुतीत राहू नका. थोड्या वाळूने ती आणखी घट्ट बसते. फरक पडायला निम्म्याच्या आसपास जाड माल लागतो. जिप्समचंही तसंच. माती चोपण असेल, म्हणजे सोडियम जास्त असेल, तर जिप्सम काम करतं; नुसत्या चुनखडीच्या जमिनीत ते घालून काही साधत नाही. कोणती आहे हे डोळ्यांनी ठरवू नका. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात अर्धा किलो माती तपासायला द्या.

लावताना मुळांचा झुपका मातीच्या छोट्या उंचवट्यावर पसरवा. पान आणि मूळ जिथे जुळतं ती फिकट पट्टी जमिनीच्या दोन सेंटीमीटरपेक्षा खाली जाऊ नये. खोल लावलेलं रोप पहिल्या मोठ्या पावसात गळ्याशी कुजतं. पानं हलक्या हाताने ओढली तरी झुपक्याने निघून येतात आणि वास मारतात. दोन रोपांत ४५ सेंटीमीटर अंतर.

नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोह कमी पडतंय. मातीत हिराकस (फेरस सल्फेट) टाकलं तर चुनखडीत अडकून बसतं. फवारणी करा: लिटरला तीन ग्रॅम फेरस सल्फेट आणि एक ग्रॅम सायट्रिक ॲसिड, संध्याकाळी. मातीतूनच द्यायचं असेल तर चिलेटेड लोह (मातीत अडकू नये म्हणून संयुगात बांधलेलं) घ्या, पण पाकिटावर ‘ईडीडीएचए’ असलेलं; ‘ईडीटीए’चं स्वस्त असतं, मात्र आपल्या सामूला ते टिकत नाही.

ऊन, गोगलगायी आणि मांजर

‘भरपूर ऊन’ हे थंड मुलखात खरं. आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी पूर्ण ऊन द्या, मार्चच्या मध्यापासून पहिल्या पावसापर्यंत ५० टक्क्यांची हिरवी नेट. चाळिशीच्या वर डेलिली वाढ थांबवून बसते. तिला त्या वेळी खत देऊ नका, संध्याकाळी पाणी द्या, आणि मातीवर सोयाबीनच्या भुसकटाचा किंवा पाचटाचा दोन इंची थर द्या, रोपाच्या गळ्यापासून चार बोटं लांब. वाळवीची जागा असेल तर थर पातळ ठेवा आणि मधून मधून उचलून बघा.

पावसाळ्यात गोगलगायी. २०२२ च्या जुलैत लातूर, बीड, धाराशिवकडे त्यांनी सोयाबीन कसं साफ केलं ते सगळ्यांना आठवत असेल. डेलिलीचं कोवळं पान त्यांना तितकंच आवडतं. चार-सहा कुंड्यांसाठी विषारी गोळ्यांची गरज नाही; अंधार पडल्यावर ओलं गोणपाट पसरून ठेवा, पहाटे उलटून खालच्या गोगलगायी गोळा करा आणि मिठाच्या पाण्यात टाका.

घरात मांजर असेल तर कुंडी तिच्या तोंडाला लागणार नाही अशीच ठेवा. डेलिलीचं पान, फूल, परागकण, सगळंच मांजराचं मूत्रपिंड निकामी करतं, आणि थोडंसं खाल्लं तरी. एवढी गंभीर सूचना खोक्यावर कुठेच नाही.

फूल बहुतेक रोपांना दुसऱ्या वर्षी येतं. एक फूल एकच दिवस टिकतं, पण दांड्यावर कळ्या अनेक असतात. मनाजोगा रंग निघाला की दुसरं किट मागवण्यापेक्षा घरचीच बी धरा. सकाळी दहाच्या आत एका फुलाचा पुंकेसर काढून त्याचे परागकण दुसऱ्याच्या लांब, पुढे आलेल्या स्त्रीकेसराच्या टोकाला (कुक्षीला) लावा. उन्हं चढल्यावर, विशेषतः एप्रिल-मेमध्ये, फळ धरत नाही. शेजाऱ्यांकडची जुनी नारिंगी, दुहेरी पाकळ्यांची डेलिली यात सहसा कामाला येत नाही; तिच्यात गुणसूत्रांचे तीन संच असतात, तिला बीच धरत नाही. बाकी जातींतही गुणसूत्रांचे दोन संच असलेले आणि चार संच असलेले वाण एकमेकांशी जमत नाहीत, म्हणून एक जोडी चुकली तर दुसरी करून बघा.

शेंग ४५ ते ६० दिवसांत पिकते. हिरवी शेंग तोडून बी काढू नका. ती तपकिरी होऊन टोकाशी तडकायला लागली की त्याच दिवशी काढा, दुसऱ्या दिवशी बिया जमिनीवर असतात. बिया सावलीत दोन दिवस वाळवा, कागदी पाकिटात घाला, पाकिटावर दोन्ही रोपांची खूण आणि महिना लिहा, पाकीट झाकणाच्या डब्यात ठेवून डबा सप्टेंबरपर्यंत फ्रिजच्या दारात.